दत्तक नव्हे, प्रतिपालक

शिराळ्यात मामाकडं, आत्याकडं वाढलेली पोरं घरोघरी सापडतील; त्यासाठी कधी कुणी कागद केला नाही. अनोळखी मूल घरात आणायचं तर मात्र वाट सांगलीला जाते, जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडं. घरभेट, चौकशी होते आणि आदेश बालकल्याण समिती देते. 2015च्या बाल न्याय कायद्यात प्रतिपालकत्वाची ही सोय आहे. केंद्राच्या 2024च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 35 ते 60 वयाची एकटी व्यक्तीही अर्ज करू शकते. एकट्या पुरुषाकडं मात्र मुलगाच सोपवतात. दोन वर्षं मूल रुळलं की दत्तकाचा विचार करता येतो, पूर्वी पाच लागत.

मिशन वात्सल्य योजनेतून मुलामागं महिन्याला 4,000 रुपयांची तरतूद आहे. त्यावर डोळा असेल तर अर्जच करू नये.

खरी तयारी वेगळीच. ही मुलं बहुधा सहा वर्षांपुढची, संस्थेत राहिलेली. एखाद्या सकाळी उशीखाली भाकरीचा तुकडा सापडेल. ओरडू नका, दुरडी त्याच्या हाताला लागेल अशी खाली ठेवा. आईचं नाव काढलं तर विषय बदलू नका. आणि नागपंचमीला घर पाहुण्यांनी भरलं की कुणीतरी विचारेलच, "हे कुणाचं?" काय सांगायचं, ते मुलाला विचारून आधीच ठरवून ठेवा.