आजीचा पेसमेकर आणि वीतभर अंतर

आजचा भाग जरा घरातला आहे.

आमची आजी सिडको एन-७ ला एकटी राहते. गेल्या वर्षी तिला पेसमेकर बसवला. घरी आली आणि सगळ्या शेजाऱ्यांचं एकच सुरू, "आजी, आता मोबाईलला हात लावायचा नाही बरं का, मशीन बंद पडतं." तिने फोन स्विच ऑफ करून कपाटात, साड्यांच्या खाली ठेवला. महिनाभराने रात्री बाथरूमपाशी पाय घसरून पडली. सकाळी दूधवाला येईपर्यंत तिथेच. थोडक्यात निभावलं, पण फोन हाताशी असता तर ती मला हाक मारू शकली असती.

तेव्हा ठरवलं, यात खरं किती आणि भीती किती, ते बघायचंच.

पेसमेकर बहुतेक वेळा डाव्या कॉलरबोनच्या खाली, कातडीच्या आत बसवतात. हृदयाचा ठोका आपला आपण पडतोय का, यावर तो लक्ष ठेवतो. नाही पडला तर बारीकसा विद्युत इशारा देतो. आता फोनच्या लहरी अगदी जवळून आल्या तर पेसमेकरला वाटू शकतं, 'ठोका पडला', आणि तो गप्प बसू शकतो.

म्हणजे शेजारी अगदीच चूक नव्हते. १९९७ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ९८० रुग्णांवर ५,५३३ चाचण्या केल्या. त्यातल्या २० टक्के चाचण्यांत काही ना काही गडबड दिसली. पण फोन नेहमीसारखा कानाला धरला, तेव्हा धोकादायक गडबड एकदाही झाली नाही. खरा प्रश्न फोन थेट पेसमेकरवर धरला की होता. म्हणजे सगळा खेळ अंतराचा!

मग २०२० मध्ये आयफोन १२ आला, पाठीत लोहचुंबक घेऊन. जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या हेन्री फोर्ड हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी सांगितलं, की हा फोन रुग्णाच्या छातीजवळ नेला तर आयसीडी, म्हणजे गरज पडल्यास हृदयाला शॉक देणारं यंत्र, शॉक द्यायचं थांबवतं. फोन बाजूला केला की पुन्हा सुरू. यात यंत्राचा दोष नाही. चुंबक जवळ आला की असं वागायचं, हे त्याला मुद्दामच शिकवलेलं असतं, कारण ऑपरेशनच्या वेळी डॉक्टर स्वतः चुंबक वापरतात. फक्त खिशातल्या फोनला ते कळत नाही ना!

म्हणून नियम सोपा: फोन आणि यंत्र यांच्यात किमान १५ सेंटीमीटर. आपली एक वीत याहून मोठीच असते, तेव्हा वीतभर लक्षात ठेवा. वायरलेस चार्जिंग चालू असेल तर फूटभर. यंत्र डावीकडे असेल तर फोन उजव्या कानाला. शर्टच्या डाव्या खिशात फोन नको. इअरफोनमध्येही चुंबक असतो, तो कानात चालेल, गळ्यात लोंबकळत छातीवर नको.

आता दवाखाना. घाटीत असो की दुसरीकडे, आयसीयूत कुणाला भेटायला गेलात तर? २००७ मध्ये नेदरलँड्समध्ये आयसीयूतली ६१ यंत्रं तपासली, २६ यंत्रांत फोनमुळे गडबड झाली. बहुतेक वेळा फोन काही सेंटीमीटरवर होता, पण क्वचित लांबूनही झालं. संशोधकांचा सल्ला: पलंगापासून, यंत्रांपासून फोन निदान एक मीटर लांब. आणखी एक गोष्ट, रेंज कमी असली की फोन जास्त ताकदीने सिग्नल फेकतो. त्यामुळे आत जाताना सरळ एअरप्लेन मोड. व्हेंटिलेटरवर फोन टेकवून सेल्फी तर अजिबातच नाही!

आजीचा फोन आता कपाटाबाहेर आलाय. कमरेच्या बटव्यात असतो, चालू. तिच्या डॉक्टरांनाही विचारून घेतलं, तेही हेच म्हणाले.

तुमच्या घरी कुणाला पेसमेकर असेल तर आजच बघा, त्यांचा फोन कुठल्या खिशात राहतो. फोन काढून घेऊ नका, खिसा बदला. आणि रात्री तो उशीच्या खाली नको, पण हात पोचेल इतक्या जवळ ठेवा. अडचण आली तर १०८ लावायला तोच लागणार आहे.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!