पन्नाशीतला पहिला एकट्याचा परदेशप्रवास : देश कोणता निवडावा?

मुले शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी घराबाहेर पडली, कर्जाचे हप्ते संपत आले, आईवडिलांची शुश्रूषा कधी आटोपली तर कधी भावंडांत वाटली गेली, की पंचेचाळीस ते पंचावन्न या वयात अनेकांना प्रथमच स्वतःच्या नावाची आठ-दहा दिवसांची मोकळीक मिळते. जोडीदार नसतो, किंवा असला तरी त्याला रजा नसते, प्रवासाची हौस नसते. तोवरचा सारा प्रवास कुणाच्या तरी सोबतीने झालेला असतो: सासरच्यांबरोबर कुलदेवतेला, मुलांच्या सुट्टीत थंड हवेच्या ठिकाणी, फार तर टूर कंपनीच्या बसमधून झेंडा धरलेल्या मार्गदर्शकाच्या मागे. अशी व्यक्ती एकटीने परदेशी जाण्याचे मनात आणते, तेव्हा घरातून पहिला प्रश्न येतो तो ‘एकटीच?’ हा. त्यामागोमाग सल्ले येतात, आणि त्यांतला प्रत्येक सल्ला वेगळ्या देशाचा असतो.

देशाची निवड येथे महत्त्वाची ठरते, कारण पहिली फेरी फसली तर दुसरी बहुधा होत नाही. विशीतला तरुण वाईट अनुभवाची गोष्ट करून मित्रांना सांगतो आणि पुन्हा पाठपिशवी उचलतो. पन्नाशीतली व्यक्ती ‘आपल्याला हे जमणारे नव्हे’ असा निष्कर्ष काढून पासपोर्ट कपाटात ठेवते. आणि घरचेही ‘आम्ही सांगत होतो’ म्हणून तो कायमचा करतात. म्हणून पहिला देश आयुष्यभर पाहावासा वाटलेला असण्याची गरज नाही. जेथे छोट्या चुका स्वस्तात निस्तरता येतात, तो पहिला देश.

मराठी वाचकाला देशोदेशी एकटीने हिंडणाऱ्या स्त्रीचे दर्शन मीना प्रभु यांच्या प्रवासवर्णनांतून घडले. ‘तुर्कनामा’ किंवा ‘गाथा इराणी’ वाचून अनेकींनी अशी स्वप्ने पाहिली. तथापि व्यवसायाने डॉक्टर असलेल्या प्रभु यांचे वास्तव्य अनेक वर्षे लंडनमध्ये होते. परका देश हाच त्यांचा रोजचा शेजार होता. म्हापसा किंवा फोंड्याहून प्रथमच निघणाऱ्याने त्यांचे धैर्य जरूर घ्यावे, पण इराणपासून सुरुवात करू नये.

गोमंतकीयांच्या बाबतीत दोन मोह आधी बाजूला काढलेले बरे. पहिला मोह आखाताचा. मस्कतला मावसभाऊ, दुबईला भाची ही आपल्याकडची नेहमीची स्थिती. तेथे गेल्यास विमानतळावर गाडी येते, जेवणाचे आग्रह होतात, मॉल दाखवले जातात. हा पाहुणचार झाला. तो सुखाचा असतो, पण त्यातून एकट्याने प्रवास करण्याची उमेद येत नाही. दुसरा मोह पोर्तुगालचा. लिस्बनच्या गल्ल्यांत फिरताना पणजीचे फोंताइन्हास आठवेल, हे खरे. परंतु भारतीय पासपोर्टवर तेथे जायचे तर शेंगेन व्हिसा लागतो. बँकेचे तपशील, रजेचे पत्र, निवासाची आगाऊ नोंद, बोटांचे ठसे आणि किमान 30,000 युरोंचे संरक्षण देणारा वैद्यकीय विमा एवढे सारे जुळवावे लागते. वाटेत विमान बदलणे आलेच. शिवाय लिस्बन हे चढउतारांचे शहर आहे आणि तेथील गुळगुळीत दगडी फरसबंदी पावसात घसरडी होते. दुखऱ्या गुडघ्यांना ती मानवत नाही. पोर्तुगाल दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीसाठी राखून ठेवावा.

येथे एक खास गोव्यातला घोटाळाही ध्यानात घ्यावा. एकाच घरात भावाकडे पोर्तुगीज पासपोर्ट आणि बहिणीकडे भारतीय, असे आपल्याकडे सर्रास आढळते. प्रवेशाचे नियम माणसाला नव्हे, पासपोर्टला लागू होतात. ‘मला तर तिथे कुणी काही विचारले नाही’ हा भावाचा अनुभव बहिणीच्या कामाचा नाही.

निवडीची पहिली कसोटी पोहोचण्याची वेळ. गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ झाले, तरी आग्नेय आशियात जाण्यासाठी बहुधा मुंबई किंवा बंगळुरू गाठावे लागते. गोवा ते मुंबई हे तिकीट वेगळे आणि पुढचे वेगळे असे काढले, तर ते थोडे स्वस्त दिसते. मात्र पहिले विमान रखडून दुसरे चुकल्यास दुसऱ्या कंपनीची काही जबाबदारी राहत नाही, आणि सामानही मुंबईत उतरवून घेऊन नव्याने द्यावे लागते. पहिल्या वेळी एकाच तिकिटावरचा प्रवास घ्यावा, अथवा मधे एक मुक्काम ठेवावा. (जाताना दाबोळी आणि परतताना मोपा असे तिकीट निघाले असेल, तर स्कूटर दाबोळीला ठेवून जाऊ नये, हे वेगळे सांगायला नको, तरी तसे करणारे असतातच.) परक्या शहरात मध्यरात्री उतरणे टाळावे. पहाटे उतरल्यास अंधार नसतो, पण हॉटेलची खोली बहुधा दुपारी दोनशिवाय मिळत नाही आणि रात्रभराच्या जागरणानंतर पन्नाशीतले शरीर असहकार पुकारते. तेव्हा पहिल्या दिवशी खोली लवकर मिळेल का, हे आधी लिहून विचारावे आणि त्या दिवसात अन्य काही योजू नये.

दुसरी कसोटी पैशांची आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष होते. टूरच्या जाहिरातीतला माणशी दर हा दोघांनी एक खोली वाटून घेतल्याचा असतो. एकट्याला त्यावर अधिभार पडतो, कारण खोलीचे अर्धे भाडे देणारा दुसरा नसतो, टॅक्सीचेही तसेच. त्यामुळे बेटांवरची रिसॉर्ट एकट्याला सर्वांत महाग पडतात, तर बस आणि मेट्रो चांगली असलेली शहरे सर्वांत स्वस्त. मॉरिशस मराठी माणसाला जवळचे वाटावे असे आहे: कोकणातून गेलेल्या मजुरांचे वंशज तेथे आहेत, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. पण तेथील पर्यटनाची रचना मुख्यतः समुद्रकाठच्या जोडप्यांसाठी झालेली आहे, आणि मधुचंद्राला आलेल्यांच्या गर्दीत एकट्याने न्याहारी करणे पहिल्याच फेरीत जड जाते.

तिसरी कसोटी याच जेवणाशी निगडित आहे. एकट्याने प्रवास करणाऱ्यांना भीती चोराची वाटेल असे आपण धरतो. प्रत्यक्षात पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक त्रास देतो तो संध्याकाळी सातचा प्रश्न: जेवायचे कुठे आणि लोक काय म्हणतील? म्हणून जेथे एकट्याने जेवणे हीच रीत आहे, असे ठिकाण निवडावे. सिंगापूर आणि मलेशियातील खाद्यपदार्थांची सामाईक आवारे या दृष्टीने आदर्श. एका छपराखाली दहा-वीस गाडे, मधे टेबले, कामावरून परतणारे लोक एकेकटे येऊन खाऊन जातात. कुणी ढुंकूनही पाहत नाही. सिंगापूर त्यांतले अधिक सुकर: मेट्रो उत्तम, इंग्रजी सर्वत्र, तमिळ ही चार अधिकृत भाषांपैकी एक. परंतु भारतीयांना व्हिसा लागतो आणि खोल्यांचे दर छाती दडपवणारे असतात. चार दिवसांपलीकडे तेथे रेंगाळण्याचे कारणही उरत नाही.

व्हिएतनामला ऑनलाइन व्हिसा मिळतो आणि खर्च कमी येतो, त्यामुळे त्याकडे अलीकडे ओढा वाढला आहे. तेथील पाट्या रोमन लिपीत असल्याने निदान नाव जुळवून रस्ता सापडतो. ही लिपी 17व्या शतकात जेझुइट धर्मप्रसारकांनी व्हिएतनामी भाषेला दिली. त्यांत पोर्तुगीजांचा वाटा मोठा होता. त्याच शतकात, 1616 मध्ये, राशोल येथे फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपीतच छापले गेले होते, हे गोमंतकीय वाचकाला आठवेल. मात्र दिवाळीच्या सुट्टीत निघणाऱ्यांनी सावध असावे: ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मध्य व्हिएतनामात, म्हणजे हुए आणि होई आन या सर्वांत रम्य भागात, पावसाचा जोर असतो आणि पूरही येतात. नेपाळ हा सर्वांत सोपा पर्याय. विमानाने जाणाऱ्या भारतीयाला तेथे मतदार ओळखपत्रही चालते. रंगीत तालीम म्हणून तो चांगला आहे, परंतु मुक्तिनाथाचा बेत असेल तर ती जागा 3,700 मीटरहून उंच आहे आणि रक्तदाब असलेल्याने डॉक्टरांना विचारल्यावाचून तेथे जाऊ नये.

या सर्व कसोट्या एकत्र लावल्या, तर गोव्यातून प्रथमच एकट्याने निघणाऱ्यासाठी मलेशियाचे, आणि त्यातही मलाक्का शहराचे, पारडे जड होते. 1 डिसेंबर 2023 पासून भारतीय पासपोर्टधारकांना तेथे 30 दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश मिळू लागला. ही सवलत मुदतीची आहे आणि मुदत वाढवली गेली आहे. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी तिची स्थिती पाहावी. पासपोर्टची वैधता किमान सहा महिने उरलेली असली पाहिजे. क्वालालंपूरहून मलाक्का सुमारे 150 किलोमीटरवर आहे, आणि बसने दोन-अडीच तासांत पोहोचता येते.

अफोन्सो द आल्बुकर्कने 1510 मध्ये गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी, 1511 मध्ये, मलाक्का. ही दोन्ही बंदरे एकाच साम्राज्याच्या ओवीतली. चीनच्या किनाऱ्यावर 1552 च्या डिसेंबरात निधन पावलेल्या सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे शव गोव्याला येण्यापूर्वी काही महिने मलाक्कातील टेकडीवरच्या चर्चमध्ये पुरलेले होते. ती रिकामी कबर आजही दाखवतात. जुन्या गोव्यात शवप्रदर्शनाच्या रांगेत उभे राहिलेल्याला ती पाहताना काय वाटेल, हे सांगणे कठीण. पोर्तुगीज किल्ल्याची आता एक वेस उरली आहे. बाकीचा किल्ला इंग्रजांनी 19व्या शतकाच्या आरंभी पाडला. 1641 मध्ये आलेल्या डचांच्या लाल इमारती चौकात आहेत. तेथून चालत जाण्याच्या अंतरावर एकाच रस्त्यावर विनायकाचे जुने मंदिर, मशीद आणि चिनी देऊळ ही तिन्ही उभी आहेत. गावाचा जुना भाग पायी एका दिवसात समजतो, आणि दुसऱ्या दिवशी तेथला चहावाला ओळखू लागतो. एकट्याला शहराचा एवढाच आकार हवा असतो.

भाषेचाही आधार आहे. मलय रोमन लिपीत लिहितात आणि तिच्यात आपल्या ओळखीचे शब्द दोन वाटांनी आले आहेत. संस्कृतमधून ‘गुरू’, ‘बहासा’ म्हणजे भाषा, ‘इस्तेरी’ म्हणजे पत्नी, ‘सुआमी’ म्हणजे पती. पोर्तुगीजमधून ‘जंदेला’ म्हणजे आपले जनेल, ‘गरेजा’ म्हणजे इगर्ज, ‘सकोला’ म्हणजे इस्कोल. बाहेर पडण्याचा मार्ग ‘केलुआर’ आणि स्वच्छतागृह ‘तांदास’ एवढे दोन शब्द विमानातच पाठ करून ठेवावेत. शाकाहारी व्यक्तीने ‘बलाचान’ हा शब्दही ध्यानात ठेवावा: ती सुकटीची, म्हणजे सुक्या कोळंबीची चटणी असून नुसत्या हिरव्या भाजीतही घातलेली असते. केळीच्या पानावर वाढणारी तमिळ खानावळ सापडली की ही काळजी मिटते.

उणिवाही आहेत. ऊन आणि दमटपणा मे महिन्यातल्या मडगावसारखा, तोही बारमाही. काही वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास सुमात्रातील आगींचा धूर पसरतो. दम्याचा विकार असलेल्याने ते दिवस टाळावेत. दुचाकीवरून पिशवी हिसकावण्याचे प्रकार मोठ्या शहरांत होतात, म्हणून पिशवी रस्त्याच्या विरुद्ध खांद्यावर असावी. प्लग तीन चपट्या पिनांचा असतो, आपला चालत नाही. अमली पदार्थांबाबतचे कायदे अत्यंत कठोर आहेत. रोजच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या सामानात न्याव्यात आणि अनोळखी माणसाचे पार्सल कितीही विनवणी झाली तरी घेऊ नये.

प्रवासविमा घेताना मधुमेह, रक्तदाब, झालेली शस्त्रक्रिया यांचा उल्लेख लपवू नये. हप्ता थोडा वाढतो. न लपवल्याने दावा नाकारला जाण्याचा धोका टळतो, आणि एकट्या माणसापाशी रुग्णालयात पैसे भरायला दुसरा कोणी नसतो. विवाहित स्त्रियांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. पासपोर्टसाठी पतीची सही किंवा संमती लागत नाही. 2016 च्या अखेरीस झालेल्या बदलांनंतर विवाहाचा दाखलाही मागितला जात नाही. माहेरचे नाव ठेवायचे असल्यास ठेवता येते. फक्त तिकिटावरचे नाव पासपोर्टशी अक्षरशः जुळले पाहिजे. घरच्यांच्या काळजीवर रोज ठरलेल्या वेळी एक संदेश हा उपाय पुरेसा पडतो. दिवसातून पाच वेळा छायाचित्रे धाडण्याचे कबूल करून बसल्यास अर्धी सुट्टी त्यातच जाते.

तिकिटानंतरची कामे थोडी आहेत. पहिल्या दोन रात्रींची खोली रद्द करता येईल अशा दरात घ्यावी, उरलेल्या तेथे गेल्यावर ठरवाव्यात. मलेशियाचा डिजिटल आगमन अर्ज पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचा असतो. तो विनामूल्य आहे. शोध घेताना वर येणारी आणि शुल्क मागणारी संकेतस्थळे सरकारी नव्हेत.