कॅनवर 'कॉफी' लिहिलंय, पण आत कॉफी किती? जपानचा नियम लावून बघा

कोयनानगरचा पावसाळ्यातला कार्यक्रम ठरलेला असतो. धरण बघायचं, नेहरू उद्यानात चक्कर मारायची, ओझर्डे धबधब्याला जायचं आणि भिजून आलं की टपरीवर चहा आणि कांदाभजी. वर्षाला साधारण ५ हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या गावात थंड कॉफी कोण पिणार, असं कुणालाही वाटेल.

पण इथून गाडी पुढे जाते ती कुंभार्ली घाटात. कराड, पाटण, कोयनानगर, हेळवाक आणि मग घाट उतरून चिपळूण. रात्री हा रस्ता धरणारे अनेक जण वाटेत एखाद्या दुकानाच्या फ्रीजमधून कोल्ड कॉफीचा कॅन उचलतात. हिशोब सरळ असतो. कॉफी प्यायली की झोप उडेल.

तर मुद्दा असा, की त्या कॅनमध्ये कॉफी नेमकी किती असते?

पुढच्या बाजूला 'कॉफी' हे अक्षर मोठं असतं. मागची बारीक अक्षरं फारसं कुणी वाचत नाही. ज्या देशानं कॅनमधली कॉफी जगाला दिली, त्या जपानमध्ये मात्र हा प्रश्न फार पूर्वीच नियमात बसवला गेलाय. तोच नियम आपल्या कॅनला लावून बघता येतो. त्याआधी हा कॅन आला कुठून, ते बघूया.

रेल्वे सुटली आणि कॅनची आयडिया आली

जपानमध्ये कॉफी कॅनमध्ये भरायचा पहिला प्रयत्न १९६५ साली शिमाने प्रांतात झाला. 'मिरा कॉफी' हे त्याचं नाव. पण ती फार काळ टिकली नाही.

खरी गोष्ट सुरू होते युसीसी या कंपनीपासून. संस्थापक तादाओ उएशिमा एकदा रेल्वे स्टेशनवर काचेच्या बाटलीतली दूध-कॉफी पीत होते. तेवढ्यात गाडी सुटायची वेळ झाली. बाटली दुकानात परत द्यायची असायची, त्यामुळे अर्धी कॉफी तशीच सोडून त्यांना गाडीत चढावं लागलं. कॉफी सोबत नेता आली पाहिजे, हे त्यांच्या डोक्यात बसलं ते तिथंच, असं कंपनी सांगते.

बोलणं सोपं होतं, करणं अवघड. दूध आणि कॉफी वेगळी व्हायची. कॉफीतल्या घटकांचा डब्याच्या लोखंडाशी संबंध आला की कॉफी काळीकुट्ट पडायची. शेवटी डब्याला आतून खास लेप देऊन हा प्रश्न सोडवला आणि १९६९ साली युसीसीची दूध घातलेली कॉफी कॅनमधून बाजारात आली. पुढच्याच वर्षी ओसाकामध्ये जागतिक प्रदर्शन भरलं. तिथं आलेल्या गर्दीनं हा कॅन उचलून धरला आणि धंदा चालू लागला.

१९७३ साली पोक्का कंपनीनं गरम आणि थंड दोन्ही पेयं देणारं मशीन आणलं. १९७५ मध्ये कोका-कोलाचा 'जॉर्जिया' ब्रँड आला. १९९२ मध्ये सनटोरीचा 'बॉस' आला, तो थेट कष्टकरी माणसाला डोळ्यासमोर ठेवून. ट्रक ड्रायव्हर, बांधकाम कामगार, फिरतीवरचा सेल्समन असा त्याचा गिऱ्हाईक.

आज जपानमध्ये पेयांची वीस लाखांच्या आसपास मशीन्स आहेत. मशीनवर निळी पट्टी म्हणजे थंड, लाल पट्टी म्हणजे गरम. उन्हाळ्यात जवळपास सगळं निळं असतं, हिवाळा आला की लाल पट्ट्या वाढतात.

त्यांची आइस्ड कॉफी आणि आपली कोल्ड कॉफी

इथं एक गल्लत हमखास होते. आपल्याकडे कोल्ड कॉफी म्हणजे दूध, साखर, इन्स्टंट कॉफी आणि बर्फ मिक्सरमध्ये फिरवून केलेलं फेसाळ प्रकरण. पुण्यात कोथरूडच्या दुर्गा कॅफेसमोर ग्लास घेऊन उभी असलेली पोरं जे पितात, ते हे.

जपानमधली आइस्ड कॉफी म्हणजे पाण्यात उतरवलेली कडक कॉफी, थेट बर्फावर ओतलेली. दूध हवं तर वरून घ्यायचं. साखर थंड पेयात लवकर विरघळत नाही, म्हणून तिथं साखरेचा पातळ पाक वेगळा मिळतो. २०१३ पासून सेव्हन-इलेव्हनच्या दुकानांत तर फ्रीजरमधून बर्फाचा ग्लास उचलायचा, पैसे द्यायचे आणि मशीनखाली धरून ताजी कॉफी भरून घ्यायची, अशी सोय झाली. कॅनच्या कॉफीला यामुळे तगडा स्पर्धक मिळाला. त्यावर उतारा म्हणून २०१७ मध्ये सनटोरीनं 'क्राफ्ट बॉस' आणली. झाकण लावता येणारी पारदर्शक बाटली, ऑफिसच्या टेबलावर ठेवून तासन् तास थोडी थोडी प्यायची.

त्यामुळे जपानच्या मशीनसमोर उभं राहिलेल्या नवख्या माणसाला 'कोल्ड कॉफी' हवी असेल तर ब्लॅकचा कॅन दाबून उपयोग नाही. पहिल्याच घोटाला तोंड कडू होईल. त्यानं 'कॅफे ओ ले' किंवा दुधाचं चित्र असलेला कॅन बघावा. 'मुतो' लिहिलं असेल तर साखर नाही. 'बितो' म्हणजे कमी साखर, १०० मिलिलिटरमागे जास्तीत जास्त अडीच ग्रॅम.

महिनोन् महिने ही कॉफी खराब का होत नाही?

घरी केलेली दुधाची कॉफी बाहेर राहिली तर संध्याकाळपर्यंत वास मारते. मग कॅनमधली कशी टिकते?

उत्तर प्रेशर कुकरमध्ये आहे. कुकरमध्ये दाब वाढला की पाणी १०० अंशांच्या पुढे, साधारण १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापतं. कारखान्यात नेमकं हेच होतं. कॉफी भरायची, कॅन सीलबंद करायचा आणि बंद कॅनसकट तेवढ्या तापमानाला ठेवायचा. नुसत्या उकळीनं न मरणारे जंतूसुद्धा यात मरतात. बाहेरची हवा आत जात नाही, म्हणून कॅन न उघडता महिनोन् महिने टिकतो.

याची किंमत चवीत मोजावी लागते. एवढ्या उष्णतेत कॉफीचा ताजा वास बराचसा जातो. म्हणूनच कॅनमधली कॉफी कितीही चांगली असली तरी ती 'कॅनच्या कॉफी'सारखीच लागते.

घटकांच्या यादीत 'इमल्सिफायर' दिसला की अनेकजण दचकतात. त्याचं पहिलं काम दूध आणि स्निग्धांश वेगळे होऊ न देणं. जपानमध्ये त्याला दुसरंही काम आहे. तिथं मशीनमध्ये कॅन दिवसेंदिवस गरम राहतात. उष्णतेतच वाढणारे काही चिवट जंतू असतात, त्यांना रोखायला विशिष्ट प्रकारचा इमल्सिफायर वापरतात.

टिकाऊ कॅनचा आणखी एक उपयोग जपाननं शोधला, आणि तो कोयनानगरला लगेच समजेल. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे इथं मोठा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, गाव उद्ध्वस्त झालं. अशा वेळी पहिल्या काही तासांत लोकांना साधं प्यायलाही काही मिळत नाही. जपाननं अशी मशीन्स बसवली आहेत, जी आपत्तीच्या वेळी आतली पेयं फुकट देतात. एरवी नाणं टाकून घ्यायचा कॅन त्या दिवशी मदतीचं सामान होतो.

आता मुख्य हिशोब: कॉफी किती?

जपानमधला नियम १०० ग्रॅम पेयासाठी किती कच्ची, म्हणजे न भाजलेली कॉफी वापरली, ते बघतो.

५ ग्रॅम किंवा जास्त असेल, तर 'कॉफी' म्हणता येतं.
२.५ ते ५ ग्रॅमच्या आत असेल, तर 'कॉफी पेय'.
१ ते २.५ ग्रॅमच्या आत असेल, तर 'कॉफी असलेलं शीतपेय'.

आणि दुधातले घन घटक ३ टक्के किंवा जास्त असतील, तर ते सरळ 'दुधाचं पेय' या वर्गात जातं. त्यामुळे कॅनवर पुढे काहीही चित्र असो, मागे आत काय आहे ते एका शब्दात कळतं.

भारतात अशी कॉफीची उतरंड कॅनवर दिसत नाही. पण दोन गोष्टी हाताशी आहेत. एक, घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावी लागते. जे सगळ्यात जास्त, ते पहिलं. दूध, साखर आणि मग कुठंतरी कॉफी असा क्रम दिसला, तर आत साखर कॉफीपेक्षा जास्त आहे, हे तिथंच ठरलं. दोन, कॉफीपुढे कंसात टक्केवारी दिलेली असेल तर आपलं काम सोपं होतं.

समजा, इन्स्टंट कॉफी १ टक्का लिहिलंय. इंटरनॅशनल कॉफी ऑर्गनायझेशनच्या हिशोबानं १ किलो इन्स्टंट कॉफीसाठी २.६ किलो कच्ची कॉफी धरतात. म्हणजे १०० ग्रॅम पेयात १ ग्रॅम इन्स्टंट म्हणजे २.६ ग्रॅम कच्ची कॉफी. नुसत्या कॉफीच्या मोजमापात हा कॅन कसाबसा 'कॉफी पेय' होतो. 'कॉफी' हे नाव मिळवायला जवळपास २ टक्के इन्स्टंट लागेल. अर्धा टक्का असेल तर १.३ ग्रॅम, म्हणजे 'कॉफी असलेलं शीतपेय'. वर दूध भरपूर असेल, तर जपानच्या दुकानात तो 'दुधाचं पेय' म्हणूनच विकला जाईल.

यात वाईट काही नाही. दुधाचं पेय चांगलंच लागतं. सांगली जिल्ह्यातल्या भिलवडीत १९३९ मध्ये चितळेंची डेअरी सुरू झाली, तेव्हापासून या पट्ट्याला दुधाचं महत्त्व कुणी शिकवायची गरज नाही. फक्त आपण दूध पितोय की कॉफी, हे माहीत असलेलं बरं.

चिकोरीकडेही लक्ष ठेवा. भारतात कॉफीत ४९ टक्क्यांपर्यंत चिकोरी मिसळायला परवानगी आहे, मात्र ते प्रमाण लिहावं लागतं. चिकोरी हे भाजलेलं मूळ. रंग आणि कडवटपणा देतं, पण त्यात कॅफिन नसतं.

मग घाटात झोप उडणार का?

आता पुन्हा कुंभार्ली घाटात येऊ.

इन्स्टंट कॉफीच्या १ ग्रॅम पावडरमध्ये साधारण ३० ते ४० मिलिग्रॅम कॅफिन असतं. अर्धा टक्का कॉफीच्या २०० मिलिलिटर कॅनमध्ये पावडर १ ग्रॅम, म्हणजे कॅफिनही तेवढंच. घरी २ ग्रॅम पावडर टाकून केलेल्या एका कपात याच्या दुप्पट असतं.

ब्रिटनच्या वाहतूक नियम पुस्तिकेत झोप येणाऱ्या चालकासाठी सल्ला आहे. सुरक्षित जागी गाडी थांबवा, दोन कप कॉफी प्या आणि किमान १५ मिनिटं डुलकी काढा. आपल्या हिशोबानं त्या दोन कपांइतकं कॅफिन मिळवायला असे चार कॅन प्यावे लागतील. एका कॅनमध्ये १०० मिलिलिटरमागे १० ग्रॅम साखर धरली, तर चार कॅनची ८० ग्रॅम झाली. त्यातली काही दुधातली नैसर्गिक असेल, पण वरून घातलेल्या साखरेसाठी जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा साधारण ५० ग्रॅम आहे आणि २५ च्या आत राहिलात तर उत्तम.

शिवाय कॅफिन घशाखाली उतरलं की लगेच काम करत नाही. पूर्ण असर जाणवायला अर्धा तास तरी जातो. हेळवाकला कॅन संपवून लगेच घाटात गाडी घातली, तर सगळ्यात अवघड वळणं कॅफिन चढायच्या आधीच येतात. पहिल्या दोन मिनिटांत जी तरतरी वाटते, ती बऱ्याच अंशी गारव्याची असते. आणि कॅफिन झोप पुढे ढकलतं, झोपेची भरपाई करत नाही.

म्हणून कॅन प्यायचाच असेल तर गाडी थांबवून प्या, सीट मागे करा आणि पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटा. जाग येईपर्यंत कॅफिन कामाला लागलेलं असतं. तरीही डोळे जड वाटत असतील तर स्टेअरिंग दुसऱ्याकडे द्या, किंवा मुक्काम करा.

दुसरी बाजूही आहे. निरोगी प्रौढ माणसासाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन सुरक्षित मानतात, गरोदरपणात २०० पर्यंत. चहातही कॅफिन असतं, तेही यात धरायचं. आणि लहान मुलाच्या हातात 'दुधाचंच आहे' म्हणून कॅन देताना त्यात कॉफीही आहे, हे लक्षात ठेवायचं.

पुढच्या वेळी कॅन घेतला की तीन गोष्टी बघा. यादीत कॉफी कितव्या नंबरवर आहे, तिची टक्केवारी किती आहे आणि 'अ‍ॅडेड शुगर'च्या ओळीत काय आकडा आहे. टक्केवारीला २.६ नं गुणलं की जपानमध्ये या कॅनला काय म्हटलं असतं, ते दुकानदार सुट्टे पैसे परत करेपर्यंत कळेल.