माथेरानचा पाहुणचार

1850 साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी ज्या डोंगरमाथ्याचा शोध लावला असे सांगितले जाते (तेथे पूर्वापार वावरणाऱ्या ठाकर-कातकऱ्यांना तो हरवल्याची वार्ता नव्हती, ही गोष्ट निराळी), त्या माथेरानच्या आतिथ्यव्यवसायाचा मागोवा घेऊ लागले म्हणजे प्रथम ध्यानात येते ते हे की, पर्यावरणरक्षणाचा आजचा उद्घोष कोणाच्या कानीही नव्हता तेव्हापासून येथील लॉज आणि हॉटेले एका निषेधाच्या आश्रयाने नांदली. तो निषेध मोटारीचा.

1907 मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या भांडवलावर नेरळहून सुमारे 21 किलोमीटरची चिमुकली आगगाडी वर आली. मोटार मात्र दस्तुरी नाक्यावरच थबकली. 2003 साली केंद्र सरकारच्या अधिसूचनेने हा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला, तेव्हा जुन्या वहिवाटीला कायद्याची मोहर लाभली. प्लास्टिकबंदीसारखे पुढचे हुकूम ओघाने आले.

तथापि या निर्मळ हवेच्या जमाखर्चातील खर्चाची बाजू फारशी कोणी वाचली नाही. हॉटेलच्या मुदपाकखान्यातील धान्याची पोती, भाजीच्या पाट्या, गॅसची सिलिंडरे, पाहुण्यांच्या बॅगा आणि कित्येकदा साक्षात पाहुणेही घोड्याच्या पाठीवरून, हमालाच्या डोक्यावरून किंवा माणसांनी ओढलेल्या आणि मागून रेटलेल्या रिक्षांतून जांभ्याच्या लाल धुळीतून मुक्कामी पोचत राहिले. म्हणजे येथे जे इंधन वाचले ते बव्हंशी मनुष्याच्या दमसासाच्या मोबदल्यात वाचले. जुलै 2005 च्या अतिवृष्टीत रेल्वेमार्ग उद्ध्वस्त होऊन गाडी दीर्घकाळ बंद राहिली, तेव्हा या ओझेवाल्यांवाचून गावाचे पान हलत नाही हे उघड झाले. पण त्यांच्या वृद्धापकाळाची तरतूद हा व्यवसायाच्या ‘हिरवेपणा’चाच एक भाग आहे, असे म्हणणारा आवाज क्षीणच राहिला.

2022 च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाच्या अनुज्ञेने ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला, त्याला घोडेवाल्यांनी पोटाच्या चिंतेने विरोध केला, आणि अखेर ऑगस्ट 2025 मध्ये, मनुष्याने मनुष्याला ओढणे ही प्रथा मानवी प्रतिष्ठेशी विसंगत असल्याचे सांगून, हातरिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्यात व त्या ओढणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी ई-रिक्षांची योजना आखावी, असे न्यायालयाने राज्य सरकारला फर्मावले. विजेवरची का होईना, वाहने आल्याने डोंगराची शांतता भंगेल अशी हळहळ पुष्कळांनी व्यक्त केली. तिच्यात अगदीच तथ्य नाही असे नव्हे, परंतु हळहळणाऱ्यांमध्ये रिक्षाच्या दांड्याला कधी हात लावलेला एकही गृहस्थ मला आढळला नाही.