पुढच्या ट्रकचं रबर, मागच्याची काच

उन्हाळ कांदा निघतो मार्च ते मेमध्ये, पण त्यातला बराचसा ट्रकमध्ये चढतो भर पावसाळ्यात. चाळीत ठेवलेला माल भाव बघून जूनपासून ऑक्टोबरपर्यंत थोडा थोडा बाहेर पडतो. नेमक्या त्याच दिवसांत नामपूरच्या बाजार समितीचं आवार आणि व्यापाऱ्यांची खळी यांच्या आसपास चिखल माजलेला असतो. शेतातून येणारे ट्रॅक्टर चाकांना अर्धं वावर चिकटवून आणतात. तोच चिखल कांदा भरून मालेगावकडे निघालेल्या ट्रकच्या चाकांना लागतो. मालेगावला मुंबई-आग्रा महामार्ग लागला की गाडीचा वेग वाढतो आणि चाकाला चिकटलेलं सगळं सुटायला लागतं.

ते कुठे जाऊन पडणार, हे बऱ्याच अंशी ठरवतं ते चाकामागे लोंबणारं रबर, म्हणजे मडफ्लॅप. ट्रकवरची इतकी दुर्लक्षित वस्तू दुसरी नसेल. ब्रेक ढिला झाला तर ड्रायव्हरला कळतं, टायर बसला तर मालकाच्या खिशाला कळतं. फ्लॅप तुटला तर कळतं ते मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला, आणि त्याची तक्रार पुढे केबिनपर्यंत पोचत नाही.

आपल्याकडचा चिखल मुळातच चिवट. दख्खनच्या काळ्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन जी काळी माती बनली, तिच्यात माँटमोरिलोनाइट गटातल्या चिकणमातीचं प्रमाण मोठं असतं. या मातीचे कण पापुद्र्यांचे असतात आणि त्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरून माती फुगते. अगदी कोरडी असेल तर ती भेगाळते, फार पातळ झाली तर वाहून जाते. पण मधल्या ओलीत ती टायरच्या खाचांमध्ये अशी बसते की टॉमीने उकरून काढावी लागते. येताना ती बारीक खडीही बरोबर घेऊन येते.

आता चाकाचं गणित बघू. ट्रकच्या टायरची त्रिज्या साधारण अर्धा मीटर. ताशी 60 किलोमीटर वेगाला टायरच्या कडेवरच्या खड्याला धरून ठेवायचं तर त्याच्या वजनाच्या सुमारे 55 पट बल लागतं. वेग निम्मा केला की हे बल एक चतुर्थांशावर येतं, कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतं. गावातून ताशी 30 ने जाताना चिकटून राहिलेलं ढेकूळ महामार्गावर का सुटतं, त्याचं उत्तर इथे आहे.

सुटलेला खडा मागे भिरकावला जातो, असं आपल्याला वाटतं. ट्रकच्या दृष्टीने ते खरंही आहे. रस्त्याच्या दृष्टीने मात्र वेगळंच घडतं. फिरत्या चाकाचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी जमिनीच्या मानाने स्थिर असतो. तिथून चाक 30 अंश वर फिरल्यावर खडा सुटला, तर त्याचा वर जाण्याचा वेग सेकंदाला 8 मीटरच्या थोडा वर असतो, आणि आडवा वेग ताशी जेमतेम 8 किलोमीटर, तोही ट्रकच्याच दिशेने. हवेचा विरोध सोडला तर तो साडेतीन मीटर उंच जातो आणि जवळजवळ पावणेदोन सेकंद हवेत राहतो. तेवढ्या वेळात ताशी 60 ने मागून येणारी गाडी 28 मीटर पुढे आलेली असते. म्हणजे खडा काचेवर येत नाही, काचच ताशी 50 च्या वर वेगाने खड्यावर जाऊन आदळते. मोटारसायकलवाल्याच्या बाबतीत ही काच म्हणजे हेल्मेटची, आणि ती खाली असेल तरच.

फ्लॅपची खालची कड किती उंचावर आहे, यावर किती खडे निसटणार हे ठरतं. टायरच्या 10 सेंटिमीटर मागे टांगलेल्या फ्लॅपची कड जमिनीपासून 25 सेंटिमीटरवर असेल, तर साधारण 28 अंशांच्या वर सुटलेलं सगळं त्यावर आदळून खाली पडतं. तोच फ्लॅप फाटून कड 45 सेंटिमीटरवर गेली की 50 अंशांपर्यंतचे खडे मोकळे सुटतात. धड फ्लॅपखालूनही कमी कोनातले काही निसटतातच, त्यामुळे मागच्याने अंतर ठेवणं चुकत नाही.

पाण्याचा प्रश्न आणखी नाजूक आहे. सपाट, कडक पृष्ठभागावर आपटलं की पाण्याचे बारीक तुषार होतात, आणि ट्रकच्या बाजूने वाहणारी हवा त्यांचं धुकं करून मागच्यापुढे उभं करते. म्हणून युरोपात 1991 च्या निर्देशापासून अवजड गाड्यांवर तुषार अडवणारी साधनं आली. त्यांतली काही पाण्याच्या आघाताची ऊर्जा शोषून घेतात आणि पाणी खाली सोडतात, काही हवा आणि पाणी वेगळं करतात.

फ्लॅपचा आकार कसा असावा यावर अमेरिकेत चक्क सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला गेला. इलिनॉय राज्याने चाकाच्या गोलाईला धरून वळवलेले मडगार्ड सक्तीचे केले. आर्कन्सॉमध्ये सरळ फ्लॅपची सक्ती होती. एका राज्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या ट्रकने काय करायचं? 1959 मध्ये न्यायालयाने इलिनॉयचा कायदा रद्द केला. वळवलेल्या मडगार्डमुळे ब्रेक ड्रमभोवती उष्णता साठते आणि ते गळून पडण्याचा धोकाही जास्त, असं सुनावणीत पुढे आलं होतं. दिसायला भारी ते सुरक्षित, असं नसतं.

आपल्याकडे मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 56 नुसार व्यावसायिक गाडीला योग्यता प्रमाणपत्र लागतं. मला मात्र कलम 190 जास्त महत्त्वाचं वाटतं. चालकाला माहीत असलेला, किंवा साधी काळजी घेतली असती तर कळला असता असा दोष घेऊन गाडी रस्त्यावर आणली आणि त्यातून इतरांना धोका झाला, तर 1500 रुपयांपर्यंत दंड आहे. एका बोल्टवर लोंबणारं रबर दिसायला साधी काळजीही लागत नाही, नुसती मागे एक चक्कर पुरते.

फ्लॅप बहुतेक वेळा तुटतो गाडी मागे घेताना. खळ्यावर मातीच्या ढिगाला किंवा ओट्याला रबर टेकतं, चाक त्यावर चढतं आणि वरचे बोल्ट रबर फाडून सुटतात. उपाय सोपा आहे: मागे घेण्याआधी फ्लॅप साखळीने वर अडकवायचा आणि निघताना आठवणीने सोडायचा.

रबर फाटतं ते भोकापासून. ताणलेल्या पातळ पत्र्यात गोल भोक असेल तर त्याच्या कडेला ताण तिपटीपर्यंत जातो, हे 1898 पासून माहीत आहे. टोकदार चिरेजवळ तो त्याहूनही वाढतो. रबराचं वागणं पत्र्यासारखं नसलं तरी चीर टोकाकडूनच पुढे पळते. म्हणून नुसते वॉशर लावून भागत नाही. फ्लॅपच्या पूर्ण रुंदीची लोखंडी पट्टी दोन्ही बाजूंनी ठेवून तिच्यातून बोल्ट आवळायचे. चीर पडलीच असेल तर तिच्या टोकाला पंचाने गोल भोक पाडलं की ती तात्पुरती थांबते.

नवा फ्लॅप मिळेपर्यंत जुन्या कन्व्हेयर बेल्टचा तुकडा उत्तम. त्यातल्या कापडाच्या थरांमुळे चीर पळत नाही आणि वजनामुळे तो वाऱ्याने उडत नाही. ट्यूबचं रबर फार हलकं. रेडियल टायरचा तुकडा घेऊ नये, त्यातल्या पोलादी तारा बाहेर येतात. गोणपाट भिजून चाकात जातं. पत्रा तर नकोच, तो निखळला तर मागच्याला कापणार. तारेने बांधलेलं रबर पुढच्या गॅरेजपर्यंतच, कारण तार रबर कापत जाते. सायलेन्सरपासून अंतर हवं, आणि मागचे दिवे नि लाल रिफ्लेक्टर टेप झाकता कामा नये.

एका बोल्टवर लोंबणारा फ्लॅप मात्र काढून केबिनमध्ये टाका आणि वेग कमी ठेवा. जोडी टायरमध्ये दगड अडकलाय का, तेही बघून घ्या. तो सुटेपर्यंत तुमच्याच टायरची बाजू कापत असतो. गोण्या भरेपर्यंत गाडी खळ्यावर उभीच असते. बोल्ट आवळायला तेवढा वेळ पुरतो.