जलगालन आणि गावची विहीर

धर्मशाळा, पांजरपोळ व पाणपोई यांप्रमाणेच विहीर बांधून देणे हे आपल्या व्यापारी वर्गाचे परंपरागत दानकर्म आहे. जुन्या बाजारपेठेच्या गावी आडाच्या कठड्यात दात्याचे नाव कोरलेली शिळा पुष्कळदा दृष्टीस पडते. शिळा शाबूत, कठडा ढासळलेला व पाण्यावर शेवाळाचा थर, असेही दृश्य विरळ नाही. २०१९ साली जलजीवन मिशन सुरू झाल्यापासून घरोघर नळ येऊ लागले; मग आता विहिरी हव्यात कशाला, असा प्रश्न सहजच निघतो. परंतु वीज गेली किंवा कूपनलिका आटली म्हणजे गाव त्याच विहिरीकडे वळते, आणि तोवर तिच्याकडे कोणी पाहिलेले नसते.

जलगालन हा श्रावकाचा नित्यनियम. तेराव्या शतकातील पंडित आशाधरांनी ‘सागारधर्मामृता’त अष्टमूलगुणांची जी एक गणना नोंदविली आहे, तीत जीवदयेच्या जोडीला जलगालनास स्थान आहे. दुहेरी जाड वस्त्रातून पाणी गाळावे. वस्त्रावर उरलेली जिवाणी ज्या विहिरीची असेल तिच्यातच, वरून न फेकता, अलगद पोहोचवावी. दोन घटिकांनंतर पाणी पुन्हा गाळावे, असा हा विधी. त्याचा मूळ हेतू अहिंसा होय, आरोग्य नव्हे. तथापि एका रोगाच्या बाबतीत त्याची उपयुक्तता शास्त्राने निःसंशय मान्य केली आहे. तो रोग म्हणजे नारू.

नारूचे सूक्ष्म जंतू पाण्यातील सायक्लॉप्स नामक, मिलिमीटर-दोन मिलिमीटर लांबीच्या जीवाच्या पोटात वाढतात. असे पाणी न गाळता प्याल्यास सुमारे वर्षभराने हातभर लांबीचा कृमी बहुधा पायातून बाहेर येतो. रोगी पायऱ्या उतरून बारवेत उभा राहिला की कृमी पाण्यात असंख्य जंतू सोडतो व चक्र पुन्हा सुरू होते. ह्या रोगावर लस नाही, औषधही नाही. भारतात १९८३-८४ साली त्याच्या निर्मूलनाचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. वस्त्राने पाणी गाळण्याची शिकवण देणे आणि पायऱ्यांच्या विहिरी बंद करून त्यांचे कठड्याच्या आडात रूपांतर करणे हे त्यातील प्रमुख उपाय होते. १९९६ च्या जुलैत राजस्थानात शेवटचा रोगी आढळला व २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त ठरविला.

येथे एक बारकावा आहे. गाळणारा वाचतो, पण जिवाणी विहिरीत परत गेल्याने विहीर होती तशीच राहते. विहीर सुधारली ती कठड्याने; माणसाचा पाय पाण्यात पडेनासा झाला म्हणून. यास्तव गाळणे व कठडा बांधणे ही दोन्ही कर्तव्ये परस्परपूरक मानली पाहिजेत.

पटकी व विषमज्वर यांचे जंतू वस्त्राच्या छिद्रांहून कितीतरी सूक्ष्म असतात. बांगलादेशातील खेड्यांत साडीच्या अनेक घड्यांतून पाणी गाळल्याने पटकीचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी घटल्याचे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, कारण ते जंतू सायक्लॉप्ससारख्या जीवांना चिकटून असतात. निम्मा लाभ झाला, निम्मा धोका उरला.

जीर्णोद्धार म्हटला की लोक गाळ काढण्यास धावतात. गाळ काढावाच, चैत्र-वैशाखात पाणी खाली गेले असता. मात्र आत डिझेलचे इंजिन चालवू नये, त्याच्या धुराने माणसे प्राणास मुकतात. पण घाण शिरते ती वरूनच. आतील बांधकाम जमिनीपासून निदान सहा मीटर खोलीपर्यंत सिमेंटात पक्के हवे, म्हणजे पृष्ठभागाचे सांडपाणी झिरपत नाही. कठडा सत्तर-पंचाहत्तर सेंटिमीटर उंच. भोवती मीटरभर रुंदीचा, बाहेर उतरता ओटा. ओट्यावरील पाणी दूर नेणारे पक्के गटार. शौचालय, उकिरडा व गुरांचा गोठा किमान पंधरा मीटर अंतरावर. शिवाय प्रत्येकाने आपला पोहरा न बुडविता एकच सामायिक पोहरा ठेवावा, अथवा हातपंप बसवून तोंड झाकावे. एवढे झाले तर औषध फार थोडे लागते.

औषधाचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा, विषय निघाला की आपल्यातील धर्मनिष्ठ मंडळींचे मन कचरते, कारण त्याने पाण्यातील जीव मरतात. ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आमचा अभिप्राय असा की, स्वच्छ राखलेल्या विहिरीत जीवोत्पत्तीच कमी होते. म्हणून कठडा व ओटा हेच अहिंसेचे पहिले साधन. नित्याच्या दिवसांत पाणी गाळून, जिवाणी परत पोहोचवून, नंतर घरच्या भांड्यात औषध घालता येते. मात्र गावात पटकी अथवा जुलाबाची साथ असता विहिरीतच औषध टाकणे हे मुलाबाळांच्या प्राणरक्षणाचे कर्तव्य होय, आणि त्यात कुचराई करणे आम्हांस मान्य नाही.

प्रमाण साधारणतः दर हजार लिटरला अडीच ग्रॅम. चार मीटर व्यासाच्या व तीन मीटर पाण्याच्या विहिरीत सुमारे ३७,७०० लिटर पाणी असते. तीस ९५ ग्रॅम पुरे. पाणी गढूळ असल्यास अधिक लागते. पावडर बादलीत कालवून चुना तळाशी बसू द्यावा, वरचे निवळ पाणी विहिरीत सोडून ढवळावे, आणि एक तास उपसा करू नये. रात्री केल्यास उत्तम.

दात्यांना आमची एक अट सुचवावीशी वाटते. मुंबई कायदेमंडळाने १९२३ सालीच सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य गणलेल्यांना खुले करण्याचा ठराव केला होता. तरी पुढे १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला. आपल्या पैशाने दुरुस्त झालेल्या विहिरीवर कोणासही मज्जाव होणार नाही, हे ग्रामपंचायतीकडून आधी लेखी घ्यावे.

दुसरे, देणगीचा एक भाग बँकेत ठेवून त्याच्या व्याजातून दरसालची डागडुजी, दोर, पोहरा व औषध यांचा खर्च चालवावा. शिळेवर नाव कोरण्यापेक्षा हे खाते अधिक उपयोगी पडेल. पावडरीचा साठा मात्र वर्षाचा करू नये. घाऊक स्वस्त पडते हे खरे, पण उघडी राहिलेली पावडर हवेने लवकरच निःसत्त्व होते. झाकणाच्या डब्यात, थंड जागी, महिन्यापुरतीच ठेवावी.