हरित अर्थव्यवस्था आणि शाश्वत विकास : डिचोली व पेडणे तालुक्यांच्या संदर्भात

शाश्वत विकास ही संकल्पना १९८७ मध्ये ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालामुळे सर्वपरिचित झाली. पुढील पिढ्यांच्या गरजांना बाधा न आणता आजच्या गरजा भागविणे, हा तिचा आशय होय. हरित अर्थव्यवस्था हाच विचार जमाखर्चात उतरविते. शेतकऱ्याने पीक विकले तर ते उत्पन्न असते. शेतच विकले तर ते भांडवल मोडणे असते. खनिज हे शेतासारखे आहे, पिकासारखे नाही.

डिचोली तालुक्यात लोहखनिज उघड्या खाणींतून काढले जाते. एक टन खनिजासाठी साधारणतः अडीच ते तीन टन माती-दगड उपसावा लागतो. पावसाळ्यात या ढिगाऱ्यांची माती वाहून शेतात व नाल्यांत साचते. खाण भूजलपातळीखाली गेली की पाणी सतत उपसावे लागते व भोवतालच्या विहिरी आटू लागतात. हा खर्च खाणीच्या ताळेबंदात दिसत नाही. तो शेतकरी आणि दुरून पाणी आणणाऱ्या स्त्रिया सोसतात.

सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ रोजीच्या निकालात गोव्यातील खनिज उत्खननावर वार्षिक २ कोटी टनांची मर्यादा घातली. तसेच विक्रीतील १० टक्के रक्कम भावी पिढ्यांसाठी कायम निधीत जमा करण्यास सांगितले. भांडवल मोडताना त्याचा काही भाग राखून ठेवणे, हे तत्त्व त्यामागे आहे. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले. ट्रक व बार्ज यांवर पोट असणाऱ्या कुटुंबांचा रोजगार गेला. पर्यायी रोजगाराची तयारी नसेल तर पर्यावरणाचे रक्षणही गरिबालाच महाग पडते, हे यातून दिसते. लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोलीत उत्खनन पुन्हा सुरू झाले.

पेडणे तालुक्यात हाच प्रश्न मोपा पठारावर उभा राहिला. जांभ्या दगडाची पठारे पावसाचे पाणी मुरवून पायथ्याचे झरे जिवंत ठेवतात. मोपा विमानतळाच्या पर्यावरण परवानगीला सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये स्थगिती दिली व जानेवारी २०२० मध्ये ती उठविली. जानेवारी २०२३ पासून तेथून विमानसेवा सुरू आहे. विमानतळाचे उत्पन्न मोजता येते. झऱ्यांचे मोल मात्र कोणत्याच वहीत नसते.

सामुदायिक महाविद्यालयांतील अध्यापकांना हा विषय गावापासून शिकविता येईल. विद्यार्थ्यांनी विहिरींची पातळी, पडीक शेते व मिळालेला रोजगार यांची नोंद एकाच वहीत शेजारी शेजारी करावी. दोन्ही रकाने भरल्याशिवाय विकासाचा हिशेब पूर्ण होत नाही.